धर्मानंद कोसंबी : विद्याभ्यास आणि विद्याश्रय

संशोधन अनुदान हे शब्द कानांवर पडताच तुमच्या डोळ्यांसमोर विहित नमुन्यातील अर्ज, त्याची अखेरची तारीख, अंदाजपत्रकाचा तक्ता आणि शेवटी सादर करावयाचे उपयोगिता प्रमाणपत्र या गोष्टी उभ्या राहत असतील. ही सारी व्यवस्था तशी अलीकडची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची स्थापना १९५३ साली झाली आणि १९५६ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद १९६९ ची, तर भारतीय इतिहास संशोधन परिषद १९७२ ची. त्यापूर्वी ज्याला आयुष्य संशोधनात घालवावयाचे असे, त्याने पैसा कोठून आणावा? कोणाकडे मागावा, कोणत्या अटी मान्य कराव्यात आणि कोणत्या नाकाराव्यात? या प्रश्नांकडे पाहण्यासाठी या घटकात आपण पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र अभ्यासणार आहोत. त्यांच्या ग्रंथांचे समीक्षण हा येथील विषय नव्हे. त्यांची विद्या कोणाच्या अन्नावर आणि कोणत्या करारावर उभी राहिली, एवढेच आपण पाहू.

अन्नछत्रातील विद्यार्थी

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. घरी नारळाची बागायत होती. शालेय शिक्षण जेमतेम झाले आणि विवाह लहान वयातच झाला. १८९७ च्या सुमारास 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्रविषयक लेख त्यांच्या वाचनात आला आणि बौद्ध धर्माचे ज्ञान मुळातून मिळवावे, असा ध्यास त्यांना लागला. हे ज्ञान गोव्यात मिळण्यासारखे नव्हते. मराठीतही त्याविषयीचे साहित्य फारच तुटपुंजे होते. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

हा निर्णय वाचताना तुम्ही त्याचे केवळ कौतुक करू नये. त्या घरत्यागाची किंमत बाळाबाईंनीही मोजली आणि धर्मानंदांना पुढे त्याची जाणीव सतत राहिली. विद्येचा खर्च काढताना संशोधकाच्या घरच्या माणसांचा खर्च बहुधा कोणत्याच रकान्यात येत नाही, ही गोष्ट जुन्या काळाइतकीच आजही खरी आहे.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. हा परिचय पुढे फार उपयोगी पडणार होता. तेथून उज्जैन, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोहोचले. काशीत संस्कृत शिकविणारे शास्त्री विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नसत आणि दोन वेळच्या जेवणाची सोय अन्नछत्रांत होई. राजेरजवाडे आणि सावकार यांच्या देणग्यांवर चालणारी ही अन्नछत्रे म्हणजे त्या काळची शिष्यवृत्तीच होती. मात्र ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. आश्रय देणारा आपल्या मर्जीने पंगत मांडतो आणि कोणाला पंगतीबाहेर ठेवावयाचे तेही तोच ठरवितो. आजच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींत पात्रतेच्या अटी प्रसिद्ध कराव्या लागतात, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

संस्कृताचा पाया घालून झाल्यावर १९०२ मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. तेथे निराशाच पदरी आली. मग बोधगया, कलकत्ता असे करीत ते सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांना पाली शिकावयास मिळाले. तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. दीक्षेमुळे अन्नवस्त्राची चिंता मिटली, परंतु तेथील आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी काही काळ घालविला. १९०६ साली ते परतले तेव्हा पाली त्रिपिटक मूळ परंपरेतून शिकलेला असा दुसरा मराठी माणूस शोधूनही सापडला नसता. पदवी मात्र एकही नव्हती.

कलकत्ता की बडोदे?

आता या चरित्रातील महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. कलकत्त्यास वंगभंगाच्या चळवळीतून राष्ट्रीय शिक्षणाचे वारे वाहत होते. तेथील नॅशनल कॉलेजात धर्मानंद पाली शिकवू लागले. पुढे आशुतोष मुखर्जी कुलगुरू असलेल्या कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने अध्यापक नेमावे, ही गोष्ट आजच्या नियमांच्या चौकटीत बसणे कठीण आहे. कुटुंबाला जवळ आणून स्थिरस्थावर होण्याची संधी समोर होती.

त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा संबंध आला. सयाजीरावांनी त्यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे. बडोदे सरकारकडून तीन वर्षेपर्यंत दरमहा ५० रुपये मिळतील. त्याबदली दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यास मिळू शकणारे वेतन या रकमेच्या कितीतरी पट होते. तरीही धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. आपण मिळविलेले ज्ञान आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत पोहोचावे, यासाठीच त्यांनी घर सोडले होते. बंगालमध्ये राहून ते साधले नसते.

या प्रस्तावाचे बारकाईने निरीक्षण करा. आजच्या कोणत्याही संशोधन प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात जे मुद्दे असतात ते सारे यात आहेत: रक्कम, कालावधी, कार्यक्षेत्र आणि फलनिष्पत्ती. एक गोष्ट मात्र यात नाही. पुस्तकात काय लिहावे, कोणत्या निष्कर्षाला यावे, यासंबंधी एका शब्दाचेही बंधन नाही. मोठ्या रकमेच्या आणि घट्ट अटींच्या अनुदानापेक्षा लहान रकमेचे आणि मोकळ्या अटींचे अनुदान कधी कधी अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तुमचे मत वेगळे असू शकेल. ते ठरविण्यापूर्वी एका कागदावर दोन्ही बाजू मांडून पाहा: कलकत्त्यात राहिल्याने धर्मानंदांना काय मिळाले असते आणि मराठी वाचकाला काय मिळाले नसते?

करारातून मराठीच्या हाती काय आले, हे पाहण्यासारखे आहे. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. सामान्य मराठी वाचकाला मूळ पाली ग्रंथांच्या आधारे बुद्धाची ओळख करून देणारे हे पुस्तक आकाराने लहान आहे, परंतु त्याची भाषा आजही सहज वाचता येते. याच काळात त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी डॉ. भांडारकरांकडे आग्रह धरला आणि भांडारकरांच्या वजनामुळे ते साधले. अभ्यासक्रमात विषय आला की अध्यापकांच्या जागा, पाठ्यपुस्तके, परीक्षक हे सारे त्यामागून येते. व्यक्तीला मिळणारे साहाय्य तिच्याबरोबर संपते. विषयाला मिळालेले स्थान टिकते. धर्मानंदांनी स्वतःसाठी याचना फार थोडी केली आणि पालीसाठी मात्र अनेक दारे ठोठावली.

हार्वर्ड आणि श्रेयाचा प्रश्न

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांचा धर्मानंदांशी परिचय झाला. त्यातून १९१० साली हार्वर्डचे निमंत्रण आले. तेथील कामाची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यात अनुदानाचा एक निराळाच प्रकार दिसतो. हेन्री क्लार्क वॉरन हा अमेरिकन विद्वान बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची संपादित आवृत्ती तयार करीत होता. शरीराने पंगू असलेल्या या श्रीमंत अभ्यासकाचे १८९९ साली निधन झाले. आवृत्ती अपुरी राहिली. हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेसाठी त्याने मृत्युपत्राने निधी ठेवला होता. मालेचे संपादक प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्यापुढे प्रश्न होता तो पाली जाणणाऱ्या माणसाचा. पैसा होता, छापखाना होता, हस्तलिखिते होती. ती वाचून पाठभेद ठरविणारा विद्वान नव्हता.

धर्मानंद हे काम करू लागले. काही काळाने मतभेद उपस्थित झाले आणि ते पैशावरून नव्हते. सिद्ध होणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर धर्मानंदांचे नाव कोणत्या नात्याने यावे, हा वादाचा विषय होता. लॅनमन यांच्या दृष्टीने ते साहाय्यक होते. धर्मानंदांच्या दृष्टीने संपादनाचा खरा भार त्यांनी उचलला होता. १९१२ साली काम अपुरे टाकून ते भारतात परतले.

येथे दोन्ही बाजूंचा विचार करणे योग्य ठरेल. वॉरनची अनेक वर्षांची मेहनत त्या ग्रंथामागे होती आणि मृत मित्राचे ऋण फेडणे लॅनमन यांना कर्तव्य वाटत होते. परंतु ज्याच्या ज्ञानावाचून काम पुढे सरकत नाही, त्याला साहाय्यकाच्या ओळीत बसविणे न्याय्य होते, असे म्हणता येणार नाही. वेतन दिले म्हणजे श्रेयही विकत घेतले, अशी समजूत आजच्या प्रयोगशाळांत आणि विभागांतही आढळते. म्हणून सहसंशोधक किंवा प्रकल्प साहाय्यक म्हणून कोणत्याही प्रकल्पात सामील होण्यापूर्वी प्रकाशनावर कोणाचे नाव कोणत्या क्रमाने येईल, हे तुम्ही लेखी ठरवून घ्यावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

१९१२ ते १९१८ ही वर्षे धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविण्यात घालविली. चिं. वै. राजवाडे, ना. का. भागवत, पु. वि. बापट असे पालीचे पुढील पिढीतील अभ्यासक त्यांच्या शिकवणीतून तयार झाले. 'बुद्धलीलासारसंग्रह' हे पुस्तकही याच काळातील, १९१४ चे.

१९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले आणि ते पुन्हा गेले. या वेळी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. हाच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. जुना वाद मिटलेला नव्हता. तरीही ग्रंथ पुरा व्हावा ही ओढ मानापमानाहून मोठी होती. १९२२ मध्ये परतल्यावर महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काही वर्षे काम केले. ही संस्था सरकारी अनुदान न घेता लोकांच्या देणग्यांवर चालत असे. अनुदान नाकारणे हासुद्धा त्या काळी एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पुढे १९२६-२७ मध्ये आणि १९३१-३२ मध्ये ते आणखी दोनदा हार्वर्डला जाऊन आले. मधल्या काळात लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी ते राहिले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्यास काम करून त्यांनी कारावासही पत्करला. संस्थानिक, अमेरिकन विद्यापीठ, सोव्हिएत रशियातील विद्यासंस्था आणि गांधींचे विद्यापीठ, असे परस्परांशी न जुळणारे आश्रयदाते एकाच अभ्यासकाच्या वाट्याला क्वचितच येतात. यांपैकी कोणाच्याही मतांची री त्यांनी ओढली नाही.

अखेरची वर्षे

१९३७ साली मुंबईच्या परळ भागात, कामगारवस्तीत, बिर्ला यांच्या देणगीतून बहुजनविहार उभा राहिला आणि धर्मानंद तेथे राहू लागले. त्यापूर्वीच, १९३५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या त्यांच्या ग्रंथातील मते अनेक सनातनी वाचकांना रुचली नव्हती. देणगीदारांच्या भावनांना धक्का लागेल म्हणून त्यांनी आपली लेखणी आवरल्याचे दिसत नाही.

'विसुद्धिमग्ग' मात्र त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती केव्हा निघेल याचा भरवसा राहिला नव्हता. त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि १९४० साली ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली. ज्या ग्रंथासाठी चार वेळा समुद्र ओलांडला, तो अखेर त्यांच्या स्वतःच्या नावाने, भारतीय विद्यार्थ्याला परिचित असलेल्या लिपीत आणि भारतातील संस्थेच्या खर्चाने बाहेर पडला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती त्यांना पाहावयास मिळाली नाही. ती १९५० साली ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरनचे नाव आहे आणि त्याखाली आवृत्ती सुधारून घेणारे म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे.