गंगाखेडची जनी आणि पापाचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि या गंगेत स्नान केले की पाप फिटते, ही श्रद्धा या काठावर पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आजही पर्वणीला येथे भाविकांची दाटी होते. पंचक्रोशीत गावाला दक्षिण काशी म्हणतात. याच गावात तेराव्या शतकात एका शूद्र कुटुंबात एक मुलगी जन्माला आली. पाप धुणारी नदी जवळ होती. परंतु त्या काळच्या धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिचा जन्म हेच मुळी मागील जन्मीच्या पापाचे फळ होते. स्त्री म्हणून आणि शूद्र म्हणूनही. या दोषावर शास्त्रात प्रायश्चित्त नव्हते. ही मुलगी म्हणजेच स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेणाऱ्या संत जनाबाई.

जनाबाईंच्या वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड, असे परंपरा सांगते. आई लहानपणीच गेली. वडील विठ्ठलभक्त होते. त्यांनी या पोरक्या मुलीला पंढरपुरास नेऊन दामाशेटी शिंपी यांच्या पदरात टाकले. दामाशेटींचे मूळ गाव नरसी-बामणी मानले जाते. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी १२७० मध्ये नामदेवांचा जन्म झाला. त्यांना अंगाखांद्यावर खेळवण्याचे काम जनीकडे आले, असे मानले जाते. पुढे नामदेवांची पत्नी राजाई, चार मुलगे, सुना, अशा भरल्या घराचे दळण-कांडण, सडा-सारवण, धुणे, पाणी आणि शेण-गोवऱ्या हे सारे तिने आयुष्यभर केले. या घरातल्या बहुतेकांनी अभंगरचना केली आणि दासीनेही केली. जनाबाईंच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग मिळतात. घरातल्यांना देवाच्या पायाशी जागा आणि आपल्याला मात्र हलक्या कुळाची म्हणून दाराबाहेर ठेवलेले, हा सल त्यांच्या अभंगांत स्पष्टपणे व्यक्त झाला आहे.

जनाबाईंचा काळ हा मराठी मुलखात धर्मशास्त्राच्या भरभराटीचा काळ होता. देवगिरीवर महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यादव (१२७१ ते १३११) यांचे राज्य होते. त्यांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याने चतुर्वर्गचिंतामणी हा अवाढव्य संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणते दान कोणाला द्यावे, कोणत्या तीर्थाचे काय फळ, याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. एकीकडे राजधानीत पुण्याची ही प्रचंड नोंदवही तयार होत होती. त्याच काळात व्रताचे उद्यापन करण्याइतके धान्य आणि दान देण्याइतके धन जिच्यापाशी कधीच नव्हते, अशी एक दासी पंढरपुरात पहाटेच्या अंधारात जाते ओढत होती.

मात्र धर्मशास्त्र म्हणजे केवळ कर्मकांडाचा पसारा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पापाचा विचार शास्त्रकारांनी गांभीर्याने केला होता. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन अध्याय आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. माणसाच्या हातून चूक घडते, हे गृहीत धरून त्याला परत येण्याची वाट ठेवणे, हा प्रायश्चित्ताचा हेतू होता. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे. त्यात तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच खायचे आणि शेवटचे तीन दिवस उपवास करायचा. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे आणि कमी करायचे. बालक, वृद्ध, स्त्रिया आणि रुग्ण यांना निम्मेच प्रायश्चित्त सांगितले आहे. ज्याला उपवास झेपत नाही, त्याला गोदानाचा पर्याय होता. सूड घेण्यापेक्षा, कायमचे हाकलून देण्यापेक्षा ही व्यवस्था निश्चितच अधिक माणुसकीची होती. पापाची कबुली आणि पश्चात्ताप यांनाही मनुस्मृतीने पापमुक्तीच्या साधनांत स्थान दिले आहे.

शास्त्राला आपल्या मर्यादेचेही भान होते. केलेले कर्म भोगल्याशिवाय नष्ट होत नाही, मग प्रायश्चित्ताचा उपयोग काय, हा प्रश्न प्राचीन गौतम धर्मसूत्रातच उपस्थित केलेला आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने यावर महत्त्वाचा भेद केला. पापाच्या दोन शक्ती आहेत. एक माणसाला नरकाकडे नेते, दुसरी त्याला समाजाच्या व्यवहारातून बाद करते. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते; जाणूनबुजून केलेल्या महापातकात मात्र माणूस फार तर चारचौघांत वावरण्यास पात्र ठरतो. पापाचा डाग पुसला गेला, अशी हमी शास्त्र देत नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ च्या चौथ्या खंडात या वादाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. म्हणजे शास्त्राचा हात समाजाच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, अंतःकरणापर्यंत पोचतोच असे नाही, ही कबुली खुद्द शास्त्रकारांनीच देऊन ठेवली होती.

या मर्यादेचे सर्वांत विदारक उदाहरण जनाबाईंच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच संतमेळ्यातल्या भावंडांच्या वाट्याला आले. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले झाली. संन्यास सोडून संसारात परतणाऱ्याला शास्त्राने आरूढपतित ठरवले होते आणि त्याला शुद्ध करणारे प्रायश्चित्त दिसत नाही, असे वचन होते. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने कुटुंबावर बहिष्कार घातला. अखेर देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी तीर्थात देह सोडला, असे परंपरा सांगते. आई-बापांनी प्राण दिले, तरी मुलांची मुंज होईना. पैठणच्या विद्वानांपुढे त्या पोरक्या मुलांना उभे राहावे लागले आणि शके १२०९ मध्ये, म्हणजे १२८७ साली, त्यांना शुद्धिपत्र मिळाल्याचे सांगितले जाते.

शास्त्राने येथे आपल्याला जे जे करता येते ते सर्व केले. दोष निश्चित केला, शिक्षा सांगितली, कागद दिला. परंतु ज्या मुलांचा काहीच अपराध नव्हता, त्यांचे बालपण त्या कागदाने परत आले नाही. दोन जिवांची आहुती मागणाऱ्यांना स्वतःच्या निष्ठुरतेबद्दल कोणते प्रायश्चित्त, याचेही उत्तर त्या पोथ्यांत नव्हते.

या ज्ञानेश्वरांविषयी जनाबाईंना विलक्षण माया होती. त्यांच्या एका अभंगात त्यांनी ज्ञानेश्वरांना ज्ञानाचा सागर म्हटले आहे आणि मृत्यूनंतर त्यांनी आपल्या पोटी जन्म घ्यावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे. भक्तीचा उमाळा म्हणून हा अभंग गायला जातो. तथापि त्यातला अर्थ केवळ भावनेचा नाही. ज्याचा जन्मच शास्त्राने अशुद्ध ठरवला, त्या मुलाची आई व्हावे, असे एका दासीला वाटते. जिच्या स्वतःच्या जन्माला शास्त्र हीन मानते, तिला त्या जन्मात लाज वाटण्यासारखे काहीच दिसत नाही. शुद्धिपत्राने जे साधले नाही, ते या मायेने साधले. बाईचा जन्म मिळाला म्हणून उदास होऊ नये, असेही त्यांनी दुसऱ्या एका अभंगात निक्षून सांगितले आहे.

जनाबाईंना स्वतःलाही एकदा आरोपी म्हणून उभे राहावे लागले, अशी कथा आहे. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात येऊन तिच्याबरोबर दळू लागला. पहाटे काकड्याची वेळ झाली तेव्हा घाईघाईत तो आपला शेला आणि रत्नजडित पदक तिथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात गेला. देवाच्या अंगावर पदक नाही, हे पाहून बडव्यांनी शोध घेतला. पदक जनीच्या घरी सापडले. मुद्देमाल हाती आला, चोर ठरला आणि चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर देण्याचे ठरले. तिने विठ्ठलाचा धावा केला आणि सुळाचे पाणी झाले.

चमत्कार बाजूला ठेवला, तरी कथेतील न्याय विचार करायला लावणारा आहे. पुराव्याच्या दृष्टीने बडव्यांचे काही चुकले नव्हते. देवाचा दागिना गेला होता आणि तो दासीच्या घरात मिळाला होता. नियमाला दिसते ती वस्तू. ती तिथे कशी आली, हे त्याला दिसत नाही. शिवाय संशय सर्वप्रथम कोणावर घ्यायचा, हे आरोपीच्या दारिद्र्यावरून आणि जातीवरून आधीच ठरलेले होते. हेच पदक एखाद्या श्रीमंत यजमानाच्या घरी सापडले असते, तर सूळ इतक्या लवकर उभा राहिला असता काय? सात शतके लोकांनी ही कथा जपली, ती केवळ देवाच्या लीलेसाठी नव्हे. निरपराध्याला शिक्षा होऊ शकते, ही भीती त्यांच्या रोजच्या अनुभवातली होती.

चोरीचा हा विषय जनाबाईंच्या अभंगांत फार वेगळ्या रूपाने येतो. एका प्रसिद्ध अभंगात त्या खुद्द पंढरीच्या देवालाच चोर ठरवतात, गळ्यात दोर घालून त्याला बांधतात आणि आपल्या हृदयाच्या बंदिखान्यात टाकतात. फिर्यादी, कैदी, तुरुंग, सगळे काही त्या अभंगात आहे. फक्त जागा बदललेल्या आहेत. न्यायाचे ठिकाण नदीचे वाळवंट नाही, पंडितांची सभा नाही. ते माणसाचे मन आहे. जनाबाईंच्या भक्तीचे वैशिष्ट्य येथे सापडते. पाप नाही, असे त्या म्हणत नाहीत. वाटेल तसे वागावे आणि नाम घेऊन मोकळे व्हावे, असेही नाही. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावणाऱ्या हरिश्चंद्राचे आख्यान त्यांच्या नावावर आहे, ते उगीच नव्हे. प्रसंगी त्या विठ्ठलावर रागावतात, त्याला शिव्याही देतात. पण त्याच्यापासून काही लपवीत नाहीत. मनुस्मृतीने साधनांच्या यादीत घातलेली कबुली आणि पश्चात्ताप जनाबाईंच्या अंगणात रोजच्या जगण्याचा भाग झाले. त्यासाठी पुरोहित लागला नाही, गोदान लागले नाही, मुहूर्तही लागला नाही.

तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. भक्तीने जनाबाईंचे मन मुक्त केले. त्यांचे दास्य संपवले नाही. त्या दासी म्हणूनच जगल्या. त्यांच्याच काळातले चोखोबा अभंग रचीत राहिले आणि मंदिराच्या बाहेरच राहिले. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. मन पालटले की नियम आपोआप पालटतात, असा इतिहासाचा अनुभव नाही. आळंदीच्या कुटुंबावर पडला तसा बहिष्कार घालणे हाच महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला आधी अशा कायद्याचे संरक्षण हवे असते. त्याला वाळीत टाकणाऱ्यांचे मन पालटेपर्यंत थांबता येत नाही. पापाचा हात धरून ठेवणे नियमाला जमते. तो हात पुन्हा उचलू नये असे वाटायला लावणे त्याला जमत नाही, आणि तिथे जनाबाईंचा मार्ग सुरू होतो.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, जनाबाईंनी पंढरपुरात देह ठेवला. त्याच दिवशी महाद्वारी नामदेवांनीही सहकुटुंब समाधी घेतली, असे परंपरा मानते. जिला जिवंतपणी दाराबाहेर ठेवल्याचे दुःख होते, ती शेवटी त्याच घराबरोबर देवाच्या दारात विसावली. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आजही जनाबाईंचे जाते म्हणून एक जाते दाखवतात आणि वारीला आलेल्या बायका त्याच्या खुंट्याला हात लावून पुढे जातात. गंगाखेडलाही गोदावरीच्या काठी जनाबाईंचे मंदिर आहे. पाप धुण्यासाठी नदीवर आलेले लोक स्नान झाल्यावर तेथे दर्शनाला जातात. नदीने अंग धुतले जाते. मनाचे काय, हा प्रश्न मात्र त्यांना जनाबाईंच्या पायरीवर विचारावा लागतो.