चर्चिल यांची टिपणे
ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सभासदाने भाषण वाचू नये, असा जुना संकेत आहे. स्मरणासाठी टिपणांकडे नजर टाकण्याची मुभा मात्र असते. वादविवाद म्हणजे आधीच्या वक्त्याला दिलेले उत्तर, आणि घरून लिहून आणलेल्या भाषणाला समोरचे काहीच ऐकू येत नाही, ही त्यामागची धारणा. विन्स्टन चर्चिल (१८७४–१९६५) यांचे संसदीय वक्तृत्व जन्मभर या संकेताच्या काठाकाठाने वाहिले.

त्यांचे वडील लॉर्ड रँडॉल्फ याच सभागृहाचे नामांकित वक्ते. अखेरच्या आजारात तेथेच त्यांचे बोलणे विस्कळीत होत गेले आणि २४ जानेवारी १८९५ रोजी ते निवर्तले. पुत्र १९०० मध्ये ओल्डहॅममधून निवडून आला. त्याच्या उच्चारात दोष होता, आयत्या वेळी बोलण्याची हातोटी नव्हती. म्हणून तो भाषण लिहून काढी आणि मुखोद्गत करी. हाती कागद नसल्याने संकेत पाळला जाई; मात्र तो अक्षरार्थानेच.

२२ एप्रिल १९०४ रोजी कामगार संघटनांविषयीच्या विधेयकावर सुमारे पाऊण तास बोलल्यावर त्यांना पुढचे वाक्यच आठवेना. ते चाचपडले, सभागृहाचे आभार मानून खाली बसले आणि त्यांनी ओंजळीत तोंड झाकले. वडिलांची शोकांतिका पाहिलेल्या सभासदांना यात आनुवंशिक दुखण्याची चाहूल लागली असल्यास नवल नाही.

त्यानंतर महत्त्वाच्या भाषणाची संपूर्ण संहिता त्यांच्या हाती असे. ती टंकलिखित होताना वाक्ये श्वासाच्या टप्प्यांवर तोडून एखाद्या स्तोत्रासारखी ओळीओळींत मांडली जात. संहितेचा मौखिक प्रयोग अभ्यासणाऱ्याला ही पाने मोलाची वाटावीत. नाव टिपणांचे, काम वाचनाचे. सभागृहाने त्याकडे सहसा काणाडोळा केला. यात ढोंग नव्हते, असे मला वाटते. विस्मृतीच्या भयावर शोधलेला तो उपाय होता.

मे १९४१ मध्ये बॉम्बवर्षावात सभागृह उद्ध्वस्त झाले. २८ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच्या पुनर्बांधणीवर बोलताना चर्चिल यांनी जुनाच लांबट आकार आणि सर्व सभासद मावणार नाहीत इतका लहान आवाका यांचा आग्रह धरला. भाषण संभाषणासारखे व्हावे, हे त्याचे एक कारण. संभाषणाचा हा कैवारी स्वतः लिहिलेल्या शब्दावाचून क्वचितच उभा राहिला! त्याच सुमारास बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. तेथील भुकेविषयी त्यांच्या सरकारने दाखवलेली अनास्था, आणि १९३५ च्या भारतविषयक कायद्याला त्यांनी केलेला विरोध, या गद्याचे गुण मोजताना भारतीय वाचकाला बाजूला ठेवता येत नाहीत.

१९५३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा ऐतिहासिक लेखनाबरोबर वक्तृत्वाचाही गौरव झाला. संकेतानुसार जी पाने भाषण म्हणून वाचता येत नव्हती, ती अशी साहित्यात दाखल झाली. १९५५ मध्ये पंतप्रधानपद सोडल्यावर ते १९६४ पर्यंत सभासद राहिले, पण जवळजवळ मूकच. त्यांचे निधन २४ जानेवारी १९६५ रोजी झाले. वडिलांच्या मृत्यूला त्याच दिवशी ७० वर्षे झाली होती.