लोकनायकांचे राहून न गेलेले काम

१९७३ हे वर्ष यवतमाळकरांच्या स्मरणात आहे ते ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या साहित्य संमेलनामुळे. त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा संस्कृत भाषेसाठीचा पुरस्कार याच गावी वकिली केलेल्या एका गृहस्थांना मिळाला, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी जणांना ठाऊक असते. कवी माधव श्रीहरी तथा लोकनायक बापूजी अणे. ग्रंथ 'श्रीतिलकयशोऽर्णव', म्हणजे लोकमान्य टिळकांच्या यशाचा सागर. पुरस्कार मिळाला तेव्हा कवीला जाऊन पाच वर्षे लोटली होती आणि चरित्रनायकाला तर त्रेपन्न.

टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. त्यांच्या निष्ठावंत अनुयायाने त्यांच्यावर रचलेले महाकाव्य हाती घेतले ते आयुष्याच्या उतरणीवर. मधली दशके कुठे गेली, हा प्रश्न सहज मनात येतो. आळसात गेली, असे मात्र बापूजींचा शत्रूही म्हणणार नाही.

२९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे जन्मलेल्या बापूजींना संस्कृत विद्या घरातच लाभली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, अमरावतीत काही काळ शिक्षकी, नंतर कायद्याची परीक्षा आणि १९०८ पासून यवतमाळात वकिली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ते मंडालेला गेले. वऱ्हाडात टिळकांचा पक्ष जिवंत ठेवणाऱ्यांत हा तरुण वकील अग्रभागी होता. होमरूलची चळवळ, वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद, १९२४ पासून मध्यवर्ती विधिमंडळ, अशी कामांवर कामे येत गेली.

ज्या कामाला तिथी असते ते काम बापूजींनी कधी लांबवले नाही. १९३० चा कायदेभंग हे त्याचे ठळक उदाहरण. मीठ उचलायला समुद्र हवा आणि वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून पाहिले गेले, पण तो मार्ग सगळीकडे चालणारा नव्हता. थांबण्यासाठी यापेक्षा सबळ सबब कोणती? तरी पावसाळा लागताच सत्याग्रहाला जंगलाचा कायदा सापडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून बापूजींनी तो मोडला आणि तुरुंगाची वाट धरली. गुरांना चारा नेण्यावरची बंदी ही येथील शेतकऱ्याची रोजची अडचण होती. त्यामुळे विळ्याने कापलेल्या त्या गवताचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

पुढे १९३१ मध्ये सुभाषचंद्र बोस आणि जे. एम. सेनगुप्त यांच्या गटांतील बंगाल काँग्रेसचा तंटा निवाड्यासाठी त्यांच्याकडे आला. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष या नात्याने सामुदायिक कायदेभंग थांबविण्याचा अप्रिय निर्णय जाहीर करण्याची वेळही त्यांच्यावर आली. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. परंतु १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण आरंभले, तेव्हा आठवड्याभरातच होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. त्यानंतर सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी, घटना समितीचे सदस्य, आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. तंटा, राजीनामा, सत्याग्रह, पदभार या प्रत्येक कामामागे कोणीतरी उभे होते. पक्षकार होते, सहकारी होते, सरकार होते. महाकाव्याची वाट पाहणारा दारात कोणीच नव्हता. चालढकल म्हणजे कामचुकारपणा, अशी आपली ढोबळ समजूत. मानसशास्त्राचे अभ्यासक आज निराळे सांगतात : ज्या कामाने मनावर दडपण येते, त्यापासून मन तात्पुरती सुटका शोधते, आणि सर्वांत प्रतिष्ठित सुटका म्हणजे दुसरे काम. प्रस्तुत बातमीदाराच्या टेबलावर एक मोठा विषय तीन वर्षे पडून आहे आणि या तीन वर्षांत त्याने एकही दिवस रिकामा घालवलेला नाही. आपल्या गुरूचे चरित्र, तेही देववाणीत आणि महाकाव्याच्या प्रमाणात, हे दडपण लहान खचितच नव्हते.

खुद्द टिळकांचे उदाहरण येथे बोलके आहे. गीतेवरचे त्यांचे चिंतन तरुणपणापासूनचे, पण 'गीतारहस्य' कागदावर उतरले ते मंडालेच्या कोठडीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, अवघ्या काही महिन्यांत. सरकारने त्यांची बाकीची सारी कामे काढून घेतली तेव्हा. ग्रंथ छापून आला १९१५ मध्ये.

बापूजींना असे सक्तीचे मंडाले लाभले नाही. राजभवन सोडले तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. या वयात हात जोडून बसणे कोणी वावगे मानले नसते. उलट स्वतंत्र विदर्भाचा आग्रह घेऊन १९५९ च्या पोटनिवडणुकीत व पुन्हा १९६२ मध्ये ते नागपूरहून लोकसभेवर गेले. म्हणजे सवड म्हणावी अशी ती मिळालीच नाही. हजारो श्लोकांचा तो ग्रंथ उभा राहिला तो अशा उतारवयात. एवढ्या मोठ्या रचनेला एकदाच सलग सवड काढणे शक्यही नसते. मात्र श्लोक हा चार चरणांचा. तेवढी जागा भरलेल्या दिवसातही निघते. टिळकांपेक्षा चोवीस वर्षांनी लहान असलेला हा अनुयायी गुरूपेक्षा जवळजवळ पाव शतक अधिक जगला, हेही त्या ग्रंथाचे भाग्यच म्हणायचे.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, बापूजी गेले. त्या वर्षी त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. छापील 'यशोऽर्णव' वाचकांच्या हाती पडला तो त्यानंतर.