सागरी घड्याळाचा कर्ता जॉन हॅरिसन

भर समुद्रांत घड्याळ दोन मिनिटें चुकलें, तर जहाजाचें स्थान अर्ध्या अंशानें चुकतें; कारण पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. स्वदेशाची वेळ व जहाजावरची वेळ ह्यांतील अंतरावरून रेखांश निघतो. पण डोलत्या जहाजावर लंबक टिकत नसे, आणि उष्णतेनें धातु प्रसरण पावून घड्याळाची चाल बिघडे. १७०७ मध्यें स्थानाचा अंदाज चुकून ब्रिटिश आरमाराचीं चार जहाजें सिली बेटांपाशीं फुटलीं व हजारांहून अधिक खलाशी बुडाले. पुढें १७१४ मध्यें पार्लमेंटनें, अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगणारी रीत शोधणारास २०,००० पौंडांचें बक्षीस लाविलें.

हें कोडें सोडविणारा जॉन हॅरिसन १६९३ मध्यें यॉर्कशायरांतील फोल्बी गांवीं एका सुताराच्या घरीं जन्मला. बापाचाच धंदा करीत त्यानें लांकडी चाकांचीं घड्याळें बनविलीं. पितळ व पोलाद हीं उष्णतेनें कमीअधिक वाढतात, हें ओळखून त्यानें दोहोंच्या सळयांचा असा लंबक रचिला कीं, एकीची वाढ दुसरीनें भरून निघावी.

१७३५ मध्यें त्याचें पहिलें सागरी घड्याळ पुरें झालें. तिसऱ्यावर त्यानें सुमारें १९ वर्षें खर्चिलीं. तरी मनाचें समाधान होईना. अखेर १७५९ मध्यें सुमारें १३ सेंटिमीटर व्यासाचें चौथें घड्याळ सिद्ध झालें. १७६१ मध्यें पुत्र विल्यम तें घेऊन जमेकास गेला. ८१ दिवसांनीं, रोजची ठरलेली चूक हिशेबांत धरतां, फरक निघाला अवघा ५ सेकंदांचा!

तथापि परीक्षक मंडळाचें समाधान झालें नाहीं. १७६४ ची बार्बाडोसची दुसरी कसोटीही घड्याळ उतरलें. तरी अर्धेंच बक्षीस हातीं आलें. तिसऱ्या जॉर्ज राजानें १७७२ मध्यें त्याचें पुढील घड्याळ स्वतः तपासविलें, तेव्हां कोठें १७७३ मध्यें पार्लमेंटनें आणखी ८,७५० पौंड दिले. त्या वेळीं हॅरिसन ऐंशी वर्षांचा होता. १७७६ मध्यें लंडन येथें तो निवर्तला.

आज मुलें छंद म्हणून मायक्रोकंट्रोलरचें घड्याळ जुळवितात. त्यांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. पण तोही तपमानानें ढळतो. दहा लक्षांत २० भागांची चूक म्हणजे दिवसास सुमारें पावणेदोन सेकंद! उपाय हॅरिसनचाच: चूक रोज मोजावी, लिहून ठेवावी व हिशेबांत धरावी. मुळींच न चुकणारें घड्याळ अद्याप कोणी केलेलें नाहीं. मात्र ज्याची चूक ठाऊक आहे व रोज सारखीच आहे, त्या घड्याळाच्या भरंवशावर सागर ओलांडतां येतो.