विश्लेषण : कोंबड्यांच्या झुंजीचा हिशेब मांडणारे महावीराचार्य

पोकरमध्ये सुरुवातीच्या जागेवर बसलेला खेळाडू किती आक्रमक आहे, हे आकडेवारीवरून जोखतात. त्यामागचे मोजणीचे सूत्र नवव्या शतकातले आहे आणि त्याचा धागा थेट लातूर-नांदेडपर्यंत येतो.

कोण होते महावीराचार्य?

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातले जैन गणिती. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आजच्या लातूरचे, स्वामी म्हणवत. नांदेड जिल्ह्यातले कंधारही त्यांचे महत्त्वाचे नगर. राजधानी मात्र मान्यखेट, कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. अमोघवर्ष इ.स. ८१४ च्या सुमारास लहान वयात गादीवर आला, तो सहा दशकांहून अधिक काळ टिकला. त्याची स्तुती करत महावीराचार्यांनी ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा केवळ गणिताला वाहिलेला संस्कृत ग्रंथ रचला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी त्यात नोंदवले.

पैज आणि गणित

एक उदाहरण फार मजेदार आहे. झुंजीच्या ठिकाणी एक चतुर गृहस्थ कोंबड्यांच्या दोन्ही मालकांना वेगवेगळे गाठतो. तुझा कोंबडा जिंकला तर पैजेची रक्कम मला दे. हरला तर मी एकाला त्याच्या रकमेच्या दोन तृतीयांश, दुसऱ्याला तीन चतुर्थांश देईन, असा सौदा. कोणीही जिंको, गृहस्थाला १२ नाणीच सुटतात. मग पैजा किती? उत्तर ४२ आणि ४०. पहिला जिंकला तर ४२ येतात, ३० जातात. दुसरा जिंकला तर ४० येतात, २८ जातात. धर्मनिष्ठ जैन आचार्यांनी हे लिहावे, याचे नवल वाटते.

निवडीचे सूत्र

दिलेल्या वस्तूंमधून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिला. सहा रसांच्या मिश्रणातून ६३ प्रकार होतात, हे त्यांचे उदाहरण. युरोपात हा नियम १६३४ मध्ये छापला गेला.

आता पोकर. ५२ पत्त्यांतून दोन : ५२ गुणिले ५१, भागिले २, म्हणजे १३२६ हात. त्यांत जोड्या फक्त ७८, जेमतेम ६ टक्के. सुरुवातीच्या जागेवरच्या खेळाडूनंतर बाकीचे सगळे खेळायचे असतात, म्हणून तो सहसा जपून खेळतो. तिथूनही कोणी २० टक्के वेळा बोली वाढवत असेल, तर तो सुमारे २६५ हातांवर पैसे लावतो आहे. त्यातले बरेच हात साधारणच असणार. अर्थात पन्नासेक डावांवरून असा शिक्का मारणे धोक्याचे. तेवढ्यात नुसती चांगली पानेही येऊ शकतात.