धर्मानंद दामोदर कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६ – जून १९४७) हे पाली भाषा आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित, मराठी लेखक व स्वातंत्र्यसैनिक होते. बौद्ध धर्माच्या शोधात त्यांनी नेपाळ, श्रीलंका (तत्कालीन सिलोन) व म्यानमार (तत्कालीन ब्रह्मदेश) या देशांत वास्तव्य केले. तेथील परंपरांचा त्यांनी केवळ ग्रंथांतून अभ्यास केला नाही, तर काही काळ भिक्षू होऊन त्या आचरल्याही. ध्यान व समाधी या विषयांवर पाली साधनांच्या आधारे मराठीत लिहिणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र होत.

जन्म व बालपण

कोसंबी यांचा जन्म गोव्यातील सांखवाळ या गावी गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण मराठी प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. तरुणपणी वडिलांच्या नारळीच्या बागांची देखभाल त्यांच्याकडे होती. १८९१ मध्ये त्यांचा विवाह बाळाबाई यांच्याशी झाला.

या काळात त्यांच्यावर तुकारामांच्या अभंगांचा प्रभाव होता. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेण्याची इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली. गोव्यात त्यासाठी ना ग्रंथ उपलब्ध होते, ना शिक्षक. १८९९ मध्ये कन्या माणिक हिचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून कोसंबी यांनी घर सोडले. पुढील सुमारे सात वर्षे बाळाबाईंना पतीवाचून काढावी लागली.

पुणे, वाराणसी व नेपाळ

पुण्यात कोसंबी यांची रा. गो. भांडारकर यांच्याशी भेट झाली व प्रार्थना समाजाच्या आश्रयाने ते काही काळ तेथे राहिले. संस्कृतच्या अभ्यासासाठी ते पुढे ग्वाल्हेरमार्गे वाराणसीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या या देशात त्याचा धर्म जिवंत स्वरूपात आढळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. काठमांडू खोऱ्यातील बौद्ध धर्म मात्र वज्रयान परंपरेतील होता. तेथील विधी गृहस्थ पुरोहित करीत. कोसंबी यांच्या मनात बुद्धाची जी प्रतिमा होती, तिच्याशी हे स्वरूप जुळले नाही व ते निराश होऊन परतले. बोधगयेस आल्यावर पाली शिकायची असेल तर श्रीलंकेस जावे, असा सल्ला त्यांना मिळाला.

श्रीलंकेतील अध्ययन

१९०२ मध्येच ते कोलंबो येथील विद्योदय परिवेणात दाखल झाले. तेथील प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांच्याकडून त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीच्या अध्ययनास आरंभ केला. विद्योदय हे त्या काळी थेरवादी विद्वत्तेचे मोठे केंद्र होते व तेथे भर ग्रंथाध्ययनावर होता. शाकाहारी असलेल्या कोसंबी यांना तेथील आहार मानवला नाही. प्रकृती बिघडल्याने १९०३ मध्ये त्यांना मद्रासला (आताचे चेन्नई) यावे लागले.

ब्रह्मदेशातील ध्यानसाधना

यानंतर कोसंबी ब्रह्मदेशात गेले. १८८५-८६ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मी राजसत्ता संपुष्टात आणली आणि भिक्षुसंघाचा राजाश्रय गेला. त्यानंतरच्या काळात लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्षूंनी अभिधम्म व विपश्यना यांचे शिक्षण गृहस्थांपर्यंत नेले होते. अरण्यात व गुहांत राहून ध्यान करणाऱ्या भिक्षूंची परंपराही तेथे टिकून होती.

ब्रह्मदेशात कोसंबी यांची भेट न्यानतिलोक (१८७८–१९५७) या जर्मन भिक्षूशी झाली. मूळचे व्हायोलिनवादक असलेले न्यानतिलोक १९०३ मध्ये रंगून येथे संघात दाखल झाले होते. दोघेही उत्तर ब्रह्मदेशातील सगाईंगच्या डोंगरांत गेले. तेथे गुहेत राहणाऱ्या व अर्हत म्हणून ख्याती असलेल्या एका भिक्षूच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाधी व विपश्यना यांचा अभ्यास केला. एक हिंदू कुटुंबातून व दुसरा ख्रिस्ती कुटुंबातून आलेला असे हे दोन साधक होते. त्यांची मातृभाषा, देश व पूर्वसंस्कार वेगळे होते. समान होती ती पाली भाषा व भिक्षुजीवनाचे नियम.

साधनेतील अनुभवांविषयी बोलण्यास विनयपिटकाने मर्यादा घातल्या आहेत. प्राप्त न झालेल्या ध्यानावस्थेचा किंवा मार्गफलाचा जाणूनबुजून दावा करणाऱ्या भिक्षूला संघातून कायमचे बाहेर जावे लागते. खरोखर प्राप्त झालेली अवस्थाही संघाबाहेरच्या व्यक्तीला सांगणे हा दोष मानला जातो. कोसंबी यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात प्रवास, अभ्यास, आजार व उपासमार यांचे तपशील भरपूर आहेत. साक्षात्काराचा दावा मात्र नाही.

ब्रह्मदेशातून परत आल्यावर त्यांनी सारनाथ, कुशीनगर आदी बौद्ध तीर्थांचा प्रवास केला व काही काळ तेथे राहिले. त्यानंतर ते पुन्हा ब्रह्मदेशास जाऊन आले.

चीवरत्याग व अध्यापन

१९०६ मध्ये कलकत्त्यास आल्यावर कोसंबी यांनी भिक्षुवस्त्रे उतरवली. बुद्धाच्या शिकवणीची ओळख स्वतःच्या समाजाला करून द्यायची, तर भिक्षुजीवनाचे नियम सांभाळून ते काम होणार नाही, असे त्यांना वाटले. गृहस्थाश्रमात परतून त्यांनी राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर कलकत्ता विद्यापीठात पालीचे अध्यापन केले. १९०७ मध्ये पुत्र दामोदर यांचा जन्म झाला.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे व वर्षाला एक पुस्तक लिहावे, अशी अट होती. कोसंबी यांनी कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची नोकरी सोडून ही अट स्वीकारली. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट व ना. के. भागवत हे त्यांचे प्रमुख विद्यार्थी होत. बापट यांनी पुढे चिनी अनुवादात टिकून राहिलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या साधनाग्रंथाची पाली ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला.

विसुद्धिमग्ग

‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोष यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेला ग्रंथ थेरवादी साधनेचा प्रमाणग्रंथ मानला जातो. त्याची मांडणी शील, समाधी व प्रज्ञा या तीन टप्प्यांत आहे. त्यात ध्यानाचे चाळीस विषय म्हणजे कर्मस्थाने सांगितली आहेत: दहा कसिणे, दहा अशुभे, दहा अनुस्मृती, चार ब्रह्मविहार, चार अरूप आयतने, आहाराविषयी प्रतिकूल संज्ञा व चार धातूंचे विश्लेषण. कोणी कोणता विषय घ्यावा हे साधकाच्या स्वभावावर ठरते. कामुक वृत्तीच्या माणसास अशुभ भावना, क्रोधी वृत्तीच्या माणसास मैत्री आदी ब्रह्मविहार आणि मोह किंवा वितर्क प्रबळ असणाऱ्यास श्वासोच्छ्वासावरील स्मृती उपयुक्त सांगितली आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील योगदर्शनाचे अभ्यासक जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९९ मधील मृत्यूमुळे अपूर्ण राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन त्यांच्याकडे आले. प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्याने १९१२ मध्ये ते भारतात परतले. त्यानंतर याच कामासाठी ते आणखी तीनदा अमेरिकेस गेले. १९२९-३० मध्ये ते रशियातील लेनिनग्राड येथेही काही काळ होते. त्यांनी केलेली ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली. हार्वर्डची रोमन आवृत्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये निघाली.

समाधी व बोधीविषयीचे विचार

१९२२ नंतर काही वर्षे कोसंबी अहमदाबाद येथील गुजरात विद्यापीठात होते. याच काळात, १९२५ मध्ये, ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘विसुद्धिमग्गा’तील ध्यानपद्धती सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत त्यात मांडली आहे.

‘भगवान बुद्ध’ या दोन भागांतील ग्रंथात (१९४०-४१) त्यांनी बुद्धचरित्रातील चमत्कार बाजूला ठेवले. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही प्रसिद्ध कथा त्यांनी नाकारली. शाक्य व कोलिय यांच्यातील शस्त्रसंघर्षाचा उबग हे गृहत्यागाचे कारण त्यांनी पुढे केले. कालाम यांच्या पंथाचा आश्रम कपिलवस्तूतच असावा व सिद्धार्थाला ध्यानाची ओळख तरुणपणीच झाली असावी, असेही त्यांचे मत होते. त्यांच्या मांडणीत बोधी ही अकस्मात घडलेली दैवी घटना नाही. पूर्वीच्या श्रमण आचार्यांकडून मिळालेले ध्यान व स्वतःचे परीक्षण यांतून बुद्धाला ती लाभली.

जैन पंडितांशी आलेल्या संबंधांतून त्यांचा अभ्यास श्रमण परंपरांच्या परस्परसंबंधांकडे वळला. प्राचीन जैन साधूंच्या आहाराविषयीच्या त्यांच्या लेखनावर जैन समाजातून तीव्र आक्षेपही घेण्यात आले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकात त्यांनी अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या पार्श्वनाथांच्या चार यामांना मूलस्थान दिले. बुद्धाने त्यांना समाधी व प्रज्ञा यांची जोड दिली, महावीरांनी ब्रह्मचर्याची भर घातली आणि पातंजल योगातही ते यमरूपाने आले, असा या विचाराचा आशय आहे. यामांना सामाजिक समतेची जोड मिळाली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

सामाजिक व राजकीय कार्य

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कोसंबी शिरोडा येथे सहभागी झाले. नंतर त्यांना अटक झाली व तुरुंगवास भोगावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे धर्मांतराची घोषणा केली, त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईच्या परळ भागात बहुजन विहार उभा राहिला. कामगार व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी असलेल्या या विहारात कोसंबी स्वतः राहून काम करीत. गृहत्यागाच्या कारणाविषयीची त्यांची मांडणी पुढे डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातही आढळते.

अखेरचे दिवस

उतारवयात मधुमेहासारख्या व्याधींनी त्यांचे शरीर क्षीण झाले. उपयोगी न उरलेल्या देहाचा भार इतरांवर टाकू नये, या विचाराने १९४६ मध्ये त्यांनी संयुक्त प्रांतातील दोहरीघाट येथे आमरण उपोषण सुरू केले. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे त्यांनी ते सोडले. पुढे ते सेवाग्राम येथे आले व तेथे पुन्हा अन्नत्याग केला. सुमारे महिन्याभराच्या उपवासानंतर जून १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. पालीच्या अभ्यासासाठी भारतीय विद्यार्थ्यांना श्रीलंकेस पाठवावे, ही त्यांची इच्छा होती.

हे मरण जैन परंपरेतील सल्लेखनेशी जुळणारे होते. थेरवादी विनयाने देहत्यागाला उत्तेजन दिलेले नाही. त्यामुळे आयुष्यभर बुद्धाला प्रमाण मानणाऱ्या कोसंबी यांनी अखेरीस निवडलेला मार्ग विवाद्य ठरू शकतो. पार्श्वनाथांविषयीच्या त्यांच्या लेखनाच्या संदर्भात मात्र त्याची संगती लागते.

प्रभाव

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे साहित्य अकादमीने अनेक भारतीय भाषांत अनुवाद करवून घेतले. कोसंबी यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी त्यांचे लेखन इंग्रजीत आणले.

लेडी सयाडो यांची विपश्यना परंपरा सया थेटजी व ऊ बा खिन यांच्यामार्फत सत्यनारायण गोएंका यांच्याकडे आली आणि १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे तिचे केंद्र सुरू झाले. ही परंपरा कोसंबी यांच्याद्वारे आलेली नाही. तथापि ब्रह्मदेशातील ध्यानाचा प्रत्यक्ष अनुभव व ‘विसुद्धिमग्ग’ची परिभाषा त्यांनी त्यापूर्वी अर्धशतक मराठीत आणली होती.

ग्रंथसंपदा

* बुद्ध, धर्म आणि संघ (१९१०)
* बुद्धलीलासारसंग्रह (१९१४)
* निवेदन (आत्मचरित्र, १९२४)
* समाधिमार्ग (१९२५)
* बौद्धसंघाचा परिचय (१९२६)
* हिंदी संस्कृती आणि अहिंसा (१९३५)
* भगवान बुद्ध (दोन भाग, १९४०-४१)
* बोधिसत्त्व (नाटक, मरणोत्तर, १९४९)
* पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म (मरणोत्तर, १९४९)