पाठच्या भावंडाचा आजार ओळखणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स

डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ मध्ये गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानामध्ये, रुजू झाल्या. तिथे आक्रा शहरातील मुलांच्या रुग्णालयात त्यांना एक वेगळाच आजार पुन्हा पुन्हा दिसू लागला. रुग्ण साधारण एक ते चार वर्षांचे असत. हातापायांवर सूज, विरळ आणि तांबूस झालेले केस, कातडीवर काळपट चट्टे आणि त्यांचे निघणारे पापुद्रे, सतत किरकिर आणि मग निपचित पडणे. सुजेमुळे मूल खंगलेले वाटत नसे, पण उपचार न मिळाल्यास बहुतेक मुले दगावत. त्यांनी अभ्यासलेल्या पुस्तकांत या आजाराचे नीट वर्णन नव्हते.

विल्यम्स यांचा जन्म १८९३ मध्ये जमैकात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश घेतला. पहिले महायुद्ध सुरू होते, तरुण पुरुष आघाडीवर होते, म्हणून मुलींना वैद्यकीय शिक्षणात थोडी जागा मिळत होती. १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. लंडनमध्ये मुलांच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. मूल ज्या घरातून आले, ते घर माहीत नसेल तर उपचार अर्धवटच राहतो. वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत त्यांना बऱ्याच प्रतीक्षेनंतर घेतले गेले आणि पगारही पुरुष डॉक्टरांपेक्षा कमी मिळाला.

आक्रामध्ये त्यांनी हीच सवय चालू ठेवली. त्या आयांशी बोलत, त्यांच्या घरी जात, मूल काय खाते ते विचारत. स्थानिक गा भाषेत या आजाराला एक नाव होते, क्वाशिओरकोर. पाठचे भावंड झाले की आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. दुखण्याचे मूळ या नावातच होते. पुन्हा दिवस गेले किंवा नवे बाळ आले की आधीच्या मुलाचे अंगावरचे दूध तुटे. त्यानंतर त्याच्या वाट्याला मुख्यतः मक्याची पेज येई. तिने पोट भरे, पण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने त्यातून मिळत नसत.

विल्यम्स यांनी १९३३ मध्ये एका ब्रिटिश बालरोग नियतकालिकात या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात त्यांनी त्याला आयांनी वापरलेलेच नाव दिले. काही नामवंत तज्ज्ञांना हे पटले नाही. त्यांच्या मते हा पेलाग्रा, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा जुनाच आजार होता. विल्यम्स मात्र ठाम राहिल्या. पेलाग्राची लक्षणे वेगळी होती आणि त्यांची मुले दूध मिळाल्यावर सुधारत होती. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी आफ्रिकेत पाहणी केली, तेव्हा हा आजार किती ठिकाणी पसरला आहे हे जगापुढे आले. केवळ प्रथिनांची कमतरता हे त्याचे पूर्ण स्पष्टीकरण नाही, संसर्गासारख्या इतर गोष्टींचाही त्यात हात असतो, असे नंतरच्या संशोधनात दिसले. विल्यम्स यांनी केलेले वर्णन मात्र आजही टिकून आहे.

१९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. तिथे संकट उलट्या बाजूने आले होते. साखर घातलेले डब्यातील आटीव दूध तान्ह्या बाळांसाठी उत्तम, असा प्रचार जोरात चालू होता. त्यासाठी परिचारिकांसारखा वेश केलेल्या मुली आयांकडे पाठवल्या जात. अंगावर पाजू शकणाऱ्या आयाही मग बाटलीकडे वळत आणि त्यांचे स्वतःचे दूध आटून जाई. अस्वच्छ पाण्यात कालवलेले हे दूध पिऊन बाळांना हगवण लागे. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये केलेल्या भाषणाला विल्यम्स यांनी ‘दूध आणि खून’ असे नाव दिले. असा प्रचार करून बाळांचे जीव घेणे हा खूनच मानला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

१९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतले आणि विल्यम्स चांगीच्या बंदिवासात गेल्या. काही महिने त्यांना जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीत काढावे लागले. उपासमारीने त्यांना बेरीबेरी झाला. त्या छावणीतही बाळे जन्मली. तिथे जन्मलेली २० बाळे आईच्या दुधावर वाढली आणि सगळी जगली, अशी नोंद विल्यम्स यांनी केली.

युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. नंतर काही काळ त्यांनी संघटनेच्या आग्नेय आशिया विभागासाठी दिल्लीहून काम केले. उपचार एका खात्याकडे आणि प्रतिबंध दुसऱ्या खात्याकडे, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. आजारी मूल बरे करून त्याच घरी, त्याच आहारावर परत पाठवले तर ते पुन्हा आजारी पडणारच, असे त्या सांगत. पुढे बैरूतमध्येही त्यांनी अध्यापन केले.

आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९८१ मध्ये मंजूर झाली, तेव्हा विल्यम्स ८७ वर्षांच्या होत्या. जुलै १९९२ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतानेही याच विषयावर कायदा केला. त्यानुसार बाळांच्या दुधाच्या भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही.

कुपोषण तपासताना आजही मुलाच्या दोन्ही पायांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून पाहिले जाते. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर, वजन कितीही भरो, मूल अतितीव्र कुपोषित समजून लगेच उपचारांना पाठवायचे असते. ही सूज म्हणजे अंगावर धरलेले बाळसे नव्हे, हे डॉक्टरांना विल्यम्स यांनी पटवून दिले. त्यांना ते कळले, कारण त्यांनी आधी आयांना विचारले होते.